दगड वाढते का जी?

आमच्या उंद्रीत खणलं की खाली काळा दगडच लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा! दुसऱ्या जातीचा दगड आमच्या मुलांनी फारसा पाहिलेला नाही. म्हणून चित्तोडगडजवळच्या भोजुंदा इथल्या खडकाचा फोटो मी वर्गात दाखवला. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे तं कापलेली पत्ताकोबी हाये!" मागून एकाने विचारलं, "दगड वाढते का जी?"

हा मात्र खरंच वाढला होता! त्याचं नाव स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे थरांचा दगड. वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. उथळ समुद्राच्या तळावर नील-हरित जिवाणूंची चिकट साय धरते. लाटांबरोबर आलेला चुन्याचा गाळ तिला चिकटतो. शिवाय उन्हात अन्न बनवताना हे जिवाणू पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. मग विरघळलेला चुनाही तिथेच बसतो. गाळाखाली ऊन मिळेना, की जिवाणू वर सरकतात आणि नवी साय धरतात. थरावर थर! ऑस्ट्रेलियात शार्क बे इथे असे दगड आजही वाढताहेत, वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर. आपली नखं याहून कितीतरी लवकर वाढतात, असं सांगताच सगळ्यांनी नखं पाहिली. (काहींची कापायची राहिली होती, ते वेगळं.)

खरी गंमत पुढेच आहे. जिवाणू कुजून जातात, थर तेवढे उरतात. वरच्या ओझ्याने ते दबतात. झिरपणाऱ्या पाण्यातलं मॅग्नेशियम चुन्यात शिरतं आणि चुनखडकाचा डोलोमाइट होतो. स्फटिक मोठे होतात, बारीक थर पुसट होतात. कुठे मात्र आधीच सिलिका शिरते आणि जिवाणूंचे नाजूक आकारसुद्धा गारगोटीसारख्या कठीण दगडात जपले जातात.

इतका बदल झाल्यावर ओळख पटणार कशी? २०१६ साली ग्रीनलंडच्या ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात स्ट्रोमॅटोलाइट सापडल्याचं काही शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. २०१८ साली दुसरे म्हणाले, छे! खडक दाबाने मुडपला, त्याचे हे उंचवटे. जीवांचा संबंध नाही. आमच्या वर्गातही लगेच दोन पक्ष पडले. मी म्हटलं, हे हात वर करून ठरत नसतं रे, दगड कापून आतले थर बघावे लागतात!

आपल्या हवेत प्रथम ऑक्सिजन भरला तो याच जिवाणूंनी. त्यांचे भाऊबंद आपल्या जिल्ह्यातच आहेत बरं का! लोणार सरोवराचं पाणी हिरवं दिसतं ते त्यांच्यामुळेच. यंदाची सहल तिकडेच न्यायची, असा ठराव चौथीने केला आहे.