जळलेल्या रानातली सोपी वाट

रेडवुडची झाडं बघून एका दिवसात सॅन होजेला परतायचं, तर कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डोंगरात दोन राज्य उद्यानं सोयीची आहेत: फेल्टनजवळचं हेन्री कॉवेल आणि बोल्डर क्रीकच्या वरच्या अंगाचं बिग बेसिन. दोन्हीकडे सपाट पायवाट आहे आणि ती फेरी घेऊन निघाल्या जागी परत आणून सोडते. हेन्री कॉवेलची फेरी सव्वा किलोमीटरची, बिग बेसिनची जेमतेम एक किलोमीटरची. पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन जायचं होतं. आईच्या गुडघ्यांना चढ-उतार नको होते. या हिशेबाने दोन्ही वाटा चालण्यासारख्या होत्या.

हेन्री कॉवेलचं रान गर्द आणि थंड. बिग बेसिन मात्र ऑगस्ट 2020 मध्ये कोरड्या विजांनी पेटलेल्या वणव्यात होरपळलं. उद्यानाचा सुमारे 97 टक्के भाग आगीखाली आला, 1930 च्या दशकात बांधलेलं लाकडी मुख्यालयही जळून गेलं. उद्यान पुन्हा उघडलं ते जुलै 2022 मध्ये आणि तेही थोडंच. बाबांनी एका वाक्यात निकाल दिला, “हिरवं रान कुठेही दिसेल, जळलेलं झाड परत कसं फुटतं ते बघू.”

मग खरी तयारी सुरू झाली. मुख्यालयाबरोबर पूर्वीच्या बऱ्याच सोयी गेल्या, गाड्यांची जागाही मर्यादित. म्हणून पार्किंगचं आरक्षण आधी करून टाकलं. डोंगरात फोनला रेंज मिळत नाही, त्यामुळे नकाशा घरीच उतरवून घेतला. पाणी, दशम्या, चटणी आणि चहाचा थर्मास घरून घेतला. 236 क्रमांकाचा रस्ता वळणावळणाचा आहे आणि आईला गाडी लागते. आवळासुपारीची डबी तिने पुढच्या सीटवर हाताशी ठेवली. जून असला तरी तिकडे तो पावसाचा महिना नव्हे. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि कोरड्या उन्हाळ्यात समुद्रावरून येणारं धुकं या झाडांना पाणी पुरवतं. सकाळसाठी स्वेटर घेतले आणि दुपारसाठी टोप्या. टोप्या लागल्याच, कारण माथ्यावरचं छत जळाल्यामुळे ऊन आता थेट जमिनीपर्यंत येतं.

हे रान कुऱ्हाडीपासून वाचलं त्याची गोष्ट फेल्टनलाच सुरू होते. अँड्र्यू हिल हा सॅन होजेचा चित्रकार आणि छायाचित्रकार. एका इंग्रजी मासिकासाठी तो तिथल्या खासगी मालकीच्या राईत फोटो काढायला गेला, तेव्हा मालकाने त्याच्याकडे फोटोंच्या निगेटिव्ह काचाच मागितल्या. हिल चिडला. अशी झाडं कुणा एकाची नसावीत, सगळ्यांची असावीत, हे त्याच्या मनाने घेतलं. मे 1900 मध्ये त्याच्यासह काही मंडळी बिग बेसिनमध्ये मुक्कामाला आली आणि तिथेच ‘सेम्परविरेन्स क्लब’ स्थापन झाला. कॅरी स्टीव्हन्स वॉल्टरसारख्या लेखिकाही त्यात होत्या. कायदेमंडळाने अडीच लाख डॉलर मंजूर केले, सुमारे 3,800 एकर जमीन विकत घेतली गेली आणि 1902 मध्ये कॅलिफोर्नियाचं आज सर्वांत जुनं असलेलं राज्य उद्यान उभं राहिलं. ज्या राईत हिलचा अपमान झाला, तीही पुढे सार्वजनिक झाली. तीच आजच्या हेन्री कॉवेल उद्यानातली राई.

बिग बेसिनच्या पायवाटेवर पहिल्यांदा नजरेत भरतो तो काळा रंग. बुंधे खालपासून उंच कोळपलेले. आणि त्याच काळ्या सालीतून ताजी, मऊ हिरवी पालवी फुटलेली. वरून खालपर्यंत धुमारेच धुमारे. आजूबाजूचे डग्लस फर बहुतेक मेले, रेडवुड बहुतेक जगले. त्यांची साल वीतभराहूनही जाड होते, तिच्यात राळ जवळजवळ नसते आणि टॅनिन भरपूर असतं, म्हणून आग गाभ्यापर्यंत सहसा पोचत नाही. 2023 मध्ये शास्त्रज्ञांनी इथल्याच झाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पानं नसताना हे धुमारे पोसायला झाडाने कित्येक दशकांपूर्वी साठवलेली साखर वापरली होती आणि ते फुटले होते सालीखाली शतकानुशतकं निजलेल्या डोळ्यांतून. आई एका बुंध्यापाशी बराच वेळ थांबली. “अहो, याने केवढं जपून ठेवलं होतं बघा,” एवढंच ती म्हणाली.

खाली सावलीच्या कोपऱ्यात तीन-तीन पानांची रेडवुड सॉरेल दिसली. आपल्या आंबुशीच्याच कुळातली, म्हणून बाबा खूश झाले. तीन पानांचंच पॉयझन ओकही या डोंगरात सगळीकडे आहे. त्याचा स्पर्श झाला की अंगावर खाजरे फोड येतात. दोन्हींतला फरक सांगून मगच मुलांना मोकळं सोडावं.

‘फादर ऑफ द फॉरेस्ट’ आणि ‘मदर ऑफ द फॉरेस्ट’ हे दोन प्रसिद्ध वृक्ष याच फेरीत भेटतात. वणव्यातून दोन्ही वाचले. भराभर चाललं तर अर्ध्या तासात फेरी संपते. आम्ही सगळी सकाळ दिली आणि ती कमी पडली.

जाणार असाल तर आदल्या दिवशी उद्यानाच्या सूचना पाहा, कारण काही वाटा अजून बंद असतात. आणि वाट सोडून झाडाला टेकायला जाऊ नका. एवढ्या उंच झाडाची मुळं फार खोल जात नाहीत, ती उथळ आणि लांबवर पसरतात. पायांनी दाबली गेलेली माती त्यांना पाणी मिळू देत नाही.