जगायला जाणं

आमच्या सुरगाण्याकडं उन्हाळ्यात माणसं फिरायला जात नाहीत, जगायला जातात. भात-नागली घरात आली की दिंडोरी, निफाडचा रस्ता धरायचा. आधी द्राक्षाची खुडणी, मग एप्रिलची खरड छाटणी. आम्हीही लेकरांना संगं घेऊन असे बरेच उन्हाळे काढले. बागेच्या कडेला खोप, तीन दगडांची चूल. पोरांची सुट्टी तिथंच सरायची.

परवा नातवानं मोबाईलवर 'सैराट' लावला. नागराज मंजुळेंचा, २०१६ चा. गाण्यांना पोरं नाचली. पुढं आर्ची-परश्या हैदराबादच्या झोपडपट्टीत राहायला लागली, तशी आमची ही म्हणाली, "आपली खोप अशीच होती." ती दोघं प्रेमापायी गेली, आम्ही पोटापायी, परमुलखातली पहिली रात्र मात्र सारखीच.

आता लेक म्हणतो, मे महिन्यात समदी सापुताऱ्याला जाऊ. हतगडाच्या पुढं गेलं की आलंच. तळं आहे, होड्या आहेत.

हिनं विचारलं, "तिथं काम काय?"

"काहीच नाही. नुसतं फिरायचं."

घर सोडायचं आन् काम करायचं नाही, हे तिला अजून पटत नाही. मलाही नवलच वाटतं. नातवंडांना मात्र त्याचं नवल वाटू नये.