मिरकरवाड्याच्या जेट्टीवर कोरियन

कोरियन शिकवणारी बहुतेक पुस्तकं विद्यापीठाच्या आवारात सुरू होतात. दोन विद्यार्थी भेटतात, एकमेकांचा देश विचारतात आणि कॉफी प्यायला जातात. पुढच्या धड्यात भुयारी रेल्वे, त्यापुढे चित्रपटाची तिकिटं. सोलमध्ये राहणाऱ्याचं यावर भागतं. रत्नागिरीत शिकणाऱ्याला मात्र वाक्याबरोबर प्रसंगही नवा असतो, आणि दोन नव्या गोष्टी एकदम पेलायच्या म्हटल्या की दोन्ही हातून निसटतात. म्हणून मी माझा वर्ग मिरकरवाड्याला नेते.

रत्नदुर्गाच्या आडोशाला वसलेलं हे बंदर. संध्याकाळी लाँची लागल्या की जेट्टीवर टोपल्या उतरतात, लिलाव पुकारला जातो, बर्फ फुटतो, बायका वाटे लावून बसतात. या गर्दीत पुढच्या क्षणी कोण काय बोलणार, हे इथल्या माणसाला आधीच ठाऊक असतं. भाव विचारला की भाव सांगितला जाणार, गिऱ्हाईक नाक मुरडणार, दोन पावलं पुढे जाणार, मागून हाक येणार. संभाषण शिकताना मला नेमकं हेच हवं असतं. समोरच्याला काय हवंय हे माहीत असलं की परक्या भाषेतलं वाक्य कुठे बसवायचं याचा विचार करावा लागत नाही. म्हणून आधी विद्यार्थ्यांना मी जेट्टीवर नुसतं उभं करते आणि मराठीच ऐकायला लावते. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं, नको असेल तेव्हा ‘नको’ हा शब्द न उच्चारता कसं सांगतं, भाव कमी करायला आवाज कुठे मऊ होतो. कोरियन त्यानंतर.

शिक्षणासाठी मी बुसानमध्ये राहिले. ते कोरियाचं सर्वांत मोठं बंदर. तिथला जागाल्छी बाजार बघितला तेव्हा धड्यांची ही दिशा मला सापडली. तिथेही मासळी विकायला बहुतेक बायकाच बसतात. कोदुङऑ म्हणजे आपला बांगडा म्हणता येईल अशा जातीचा मासा, काल्छी म्हणजे वाकटीच्या जातीचा, ओजिङऑ म्हणजे म्हाकूल, सेऊ म्हणजे कोळंबी, कुल म्हणजे कालवं. सुक्या मासळीचा भाग वेगळा, आणि त्याचा वास रत्नागिरीच्या माणसाला परका वाटत नाही. बुसानच्या घाऊक बाजारात पहाटे लिलाव चालतो तेव्हा व्यापारी बोटांच्या खुणांनी भाव लावतात. कोरियात पकडल्या जाणाऱ्या बांगड्याचा मोठा हिस्सा तिथूनच देशभर जातो. दोन्ही बंदरांना जोडणारी आणखी एक वस्तू आहे. रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या गद्रे मरीनसारख्या कारखान्यांत राणी माशाच्या मांसापासून सुरीमी बनते. कोरियात सुरीमीपासून ऑमुक नावाच्या वड्या करतात, आणि बुसान त्यासाठीच नावाजलेलं आहे. हे ऐकल्यावर मुलं त्या शहराचं नाव विसरत नाहीत.

पहिलं वाक्य भावाचंच: ‘इगॉ ऑल्मायेयो?’ हे केवढ्याला? दुसरं, ‘चोम क्काक्का जुसेयो’, जरा कमी करून द्या. तिसरं वाक्य पुस्तकांत सहसा नसतं, पण मासळी बाजारात त्याच्यावाचून चालत नाही: ‘सोन्जिल्हे जुसेयो’, साफ करून द्या. या तिसऱ्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबते, कारण मराठी माणसाला कोरियनचं दार इथूनच उघडतं.

आपण नुसतं ‘करा’ म्हणत नाही. करून बघा, करून द्या, करून ठेवा, करून टाका म्हणतो, आणि प्रत्येकाची छटा निराळी असते. कोरियनमध्ये हाच कारखाना जसाच्या तसा चालतो. क्रियापदाच्या एका रूपाला बोदा म्हणजे बघणं, जुदा म्हणजे देणं, दुदा म्हणजे ठेवणं, बॉरिदा म्हणजे टाकणं ही क्रियापदं जोडली की त्याच चार छटा तयार होतात. ‘मॉगॉ बोसेयो’ म्हणजे खाऊन बघा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यासाठी पानंच्या पानं समजावून द्यावी लागतात. आमच्या वर्गात एकदा जोडी दाखवली की मुलं पुढची रूपं स्वतः करून आणतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी येणं, ‘ला’, ‘ने’, ‘त’ यांच्यासारखे प्रत्यय नामाला मागून लागणं, कर्ता गाळला तरी कुणाचं न अडणं, हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. तरीही आपल्याकडची मुलं कोरियन इंग्रजीतून शिकतात, मनात इंग्रजी वाक्य जुळवतात आणि मग ते उलटं फिरवतात. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं. मराठीतून थेट कोरियनकडे नेणारी पुस्तकं हवीत, आणि ती मराठी बोलणाऱ्यांनीच लिहायला हवीत.

लिपीवर मी फार वेळ घालवत नाही. राजा सेजोंगने 1443 मध्ये ती सिद्ध केली आणि 1446 मध्ये प्रजेसाठी जाहीर केली. आज तिच्यात मूलभूत व्यंजनं 14, स्वर 10. उच्चाराच्या वेळी जीभ आणि ओठ कसे असतात त्यावरून काही अक्षरांचे आकार बेतलेले आहेत, आणि क-वर्ग, च-वर्ग घोकून वाढलेल्या मुलांना ही व्यवस्था लगेच पटते. आग्रह एकच: देवनागरीत उच्चार लिहून घेणं लवकर सोडायचं. वर मी ‘ऑ’ लिहिलं तो स्वर खरं तर आपल्या ‘ऑ’सारखा नाही, आणि दात मिटून ओठ ताणून काढायच्या एका स्वराला तर देवनागरीत जागाच नाही. क आणि ख यांतला फरक आपल्या कानाला कळतो, पण कोरियनमध्ये त्यांच्या जोडीला तिसरा, घशात दाबलेला ‘क्क’ असतो. तो कागदावरून येत नाही, ऐकूनच येतो.

आकड्यांचा धडा बाजारातच व्हायला हवा. कोरियनमध्ये मोजायच्या दोन रीती आहेत, एक मूळची देशी आणि दुसरी चिनीवरून आलेली. वस्तू देशी आकड्यांनी मोजतात, पैसे चिनी आकड्यांनी. ‘कोदुङऑ तू मारिए मान वॉन’, दोन बांगडे दहा हजार वॉनला, या एका वाक्यात ‘तू’ देशी आहे आणि ‘मान’ चिनी. वर्गात दोन तक्ते पाठ करून घेतले तर मुलं कुठे कोणता आकडा लावायचा यात गोंधळतात. माशांवर बोट ठेवून आणि पैसे हातात घेऊन म्हटलं तर सहसा गोंधळत नाहीत. पुढे जुन्या बाजारातली मोजमापं येतात. बांगडे दोनाच्या जोडीने ‘सोन’ म्हणून विकतात, सुका म्हाकूल विसाच्या गठ्ठ्याने ‘छुक’ म्हणून. कोडी ऐकलेल्या कोकणी माणसाला वीसचा हिशोब समजावावा लागत नाही.

हाक मारण्याच्या बाबतीत तर मिरकरवाडा अर्धं काम करून ठेवतो. ‘मावशी, बांगडे कसे दिलेत?’ असं इथे कोणत्याही विक्रेतीला विचारतात. कोरियात खानावळीतल्या आणि बाजारातल्या बाईला ‘इमो’ म्हणतात, म्हणजे आईची बहीण. लाँचीच्या मालकाला इथे शेठ, तिथे साजांग्निम; नौका हाकणाऱ्या तांडेलाला तिथे सॉन्जांग्निम. ‘तुम्ही’साठी कोरियन शब्दकोशात जो शब्द सापडतो तो मात्र समोरच्या अनोळखी माणसाला वापरू नये, कानाला तो भांडणाचा लागतो. नातं किंवा हुद्दा घेऊनच बोलायचं. मराठीत आदर ‘तुम्ही’त आणि क्रियापदात विभागलेला असतो, कोरियनमध्ये त्याचा जवळपास सगळा भार क्रियापदाच्या शेवटावर येतो. समोरचा कोण हे ठरल्याशिवाय तिथे वाक्य पुरंच होत नाही. म्हणून तर पहिल्या ओळखीतच वय विचारतात. जून 2023 पासून कोरियात सरकारी कामांत जगभरच्या रीतीने वय मोजतात. त्याआधी जन्मतःच एक वर्ष धरायची आणि नव्या वर्षाला एक वाढवायची रीत होती. गप्पांत जुनं वय अजून कानावर येतं.

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली कोरियन मालिका बघून येतात. त्यांचा कान तयार असतो, लकबी उत्तम असतात, आणि त्यांना येणारी जवळपास सगळी भाषा मित्रमैत्रिणींतली, ‘तू’ची असते. ती मी पुसून टाकत नाही, फक्त तिची जागा दाखवते. मासळीवालीच्या भूमिकेत मी स्वतः बसते, मुलींनी इमो म्हणून हाक मारायची आणि प्रत्येक वाक्य ‘यो’वर संपवायचं. पुण्याजवळच्या रांजणगावात एलजी आहे, माणगावजवळ विळे-भागाड इथे पोस्कोचा कारखाना आहे. तिथे काम करायचं तर याहून औपचारिक भाषा लागते. तो धडा बंदरावर होत नाही, बैठकीच्या टेबलाशी होतो.

माझ्या मनात सर्वांत जास्त घोळतो तो मात्र वेगळा विद्यार्थी. मिरकरवाड्याच्या लाँचींवर नेपाळचे बरेच खलाशी आहेत. जून-जुलैची मासेमारी बंदी आली की ते गावी जातात. कोरियाने 2004 मध्ये परदेशी कामगारांसाठी सरकारी परवान्यांची व्यवस्था सुरू केली, 2007 मध्ये नेपाळशी करार केला. भारत त्या यादीत नाही. कारखाने, शेती, बांधकाम यांच्याबरोबर मासेमारीसाठीही तिथे माणसं घेतात: किनाऱ्यालगतच्या लहान नौकांवर, मत्स्यशेतीवर, कालवांच्या शेतीवर. त्यासाठी भाषेची परीक्षा असते, त्यात वाचन आणि श्रवण. कोरियाला जायच्या तयारीतला असाच एक तरुण नेपाळी खलाशी माझ्याकडे येऊ लागला. उत्तरांवर खुणा करणं त्याला पुस्तकातून जमत होतं. बोलणं कुणी शिकवलं नव्हतं.

नौकेवर प्रसंगच वेगळा असतो. तिथे हुकूम ‘तू’च्या भाषेत येतात, तोडून, वाऱ्यावर ओरडून: ‘चाबा!’ धर, ‘तांग्यॉ!’ ओढ, ‘न्वा!’ सोड. ते ऐकल्याबरोबर हात हलला पाहिजे. उत्तर मात्र आदराचंच द्यायचं. म्हणजे ऐकायची भाषा एक आणि बोलायची दुसरी. पुस्तकांत दोन्ही पात्रं एकाच सुरात बोलतात, त्यामुळे हे अंतर शिकवलंच जात नाही. मी हुकूम आणि उत्तरं वेगवेगळ्या आवाजांत रेकॉर्ड केली, हुकुमांमागे इंजिनाचा आवाज ठेवला, कारण शांत खोलीत समजलेला शब्द इंजिनाशेजारी समजेलच असं नाही. मग त्यानेच त्याला लागणारी वाक्यं मराठीत सांगायला सुरुवात केली. पायात दोरी अडकलीय. हाताला कापलं. चक्कर येतेय. हे मी एकट्याने उचलू शकत नाही. परत सांगा, हळू सांगा. यांतलं पहिलं वाक्य, ‘पारे चुरी कॉल्ल्यॉस्सॉयो’, आम्ही जेट्टीवर खरा दोर पायात गुंतवून घोटलं, शेवटी एका दमात आणि मोठ्याने बाहेर पडेपर्यंत.

आता ही यादी माझ्या वर्गात सगळ्यांसाठी आहे, मालिका बघून येणाऱ्या मुलींसाठीही. बंदी उठून लाँची बाहेर पडल्या की खलाशांचं वेळापत्रक भरतीवर आणि मासळीवर चालतं, म्हणून त्यांचे धडे छोटे करून फोनवर पाठवते, बंदराजवळ रेंज आली की ते ऐकतात आणि आपला आवाज रेकॉर्ड करून परत पाठवतात. पुढच्या हंगामासाठी दवाखान्याचा धडा तयार करतेय: कुठे दुखतंय, केव्हापासून, औषध कधी घ्यायचं, मालकाला कोण कळवणार.