अण्णांच्या खोलीतला टीव्ही

तेजपूरच्या क्वार्टरमध्ये अण्णा राहायला आले आणि माझ्या जुन्या खटाटोपाला निमित्त मिळालं. दोन टीव्ही, दोन रास्पबेरी पाय, दोन्हींवर कोडी. त्यात सिनेमे, कीर्तनं आणि घरचे व्हिडिओ.

कोणती फाईल कुठे आहे, किती पाहून झाली, ही यादी कोडी मुळात एसक्यूलाइटमध्ये ठेवतं. प्रत्येक बॉक्सवर एक स्वतंत्र फाईल. मला मात्र हॉलमध्ये अर्धा पाहिलेला सिनेमा अण्णांच्या खोलीत तिथूनच पुढे सुरू व्हायला हवा होता. एसक्यूलाइटची एकच फाईल नेटवर्कवर ठेवून दोघांनी वापरणं धोक्याचं. तिच्यात एका वेळी एकानेच लिहायचं असतं आणि नेटवर्कवर ते कुलूप नीट लागेलच याची खात्री नसते. म्हणून जुन्या लॅपटॉपवर मारियाडीबी बसवलं. दोन्ही टीव्ही एका यादीवर आले. छाती फुगली.

पुढच्याच आठवड्यात मी एक्सरसाइजवर गेलो. इकडे लाईट गेली आणि आली. टीव्ही, बॉक्स आपोआप सुरू झाले. बॅटरी मेलेला लॅपटॉप कपाटामागे तसाच बंद राहिला. त्या दिवशी आईचं वर्षश्राद्ध होतं. ती तुळशीपाशी ओव्या म्हणते, तो दीड मिनिटाचा व्हिडिओ अण्णांना पाहायचा होता. यादी रिकामी. हिनेही टीव्ही बंद-चालू करून पाहिला. माझा फोन लागत नव्हता.

तीन दिवसांनी परतलो. व्हिडिओ अण्णांच्याच बॉक्सला लावलेल्या पेनड्राइव्हवर शाबूत होता. दोष माझ्या आखणीचा. जवळची वस्तू शोधायला मी दूरच्या ठाण्याची परवानगी लावली होती.

एसक्यूलाइटचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. 2000 साली रिचर्ड हिप अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेसाठी, जहाजाचं नुकसान आवरण्याच्या कामाचं सॉफ्टवेअर करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद असला की प्रोग्राम लुळा पडे. म्हणून त्यांनी सर्व्हरच नसलेला डेटाबेस लिहिला.

घरात उपकरणं बरीच असतील आणि सर्व्हरला यूपीएस असेल, तर मारियाडीबी खुशाल घ्या. मी दोन्ही बॉक्स पुन्हा एसक्यूलाइटवर आणले. आता सिनेमा एका खोलीतून दुसरीत पुढे सरकत नाही, हे अण्णांना सांगितलं.

ते म्हणाले, "कुठवर पाहिलं ते माझ्या लक्षात राहतं रे. तुझी आई तेवढी बटण दाबलं की दिसू दे."

जय हिंद.