परंगीमलईपासून सूर्यापर्यंत

सूर्य पृथ्वीपासून पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे, हे हिंगणघाटच्या शाळेत असतानाच मला पाठ होतं. ते अंतर कुणी मोजलं, कसं मोजलं आणि त्यावर विश्वास का ठेवायचा, हे कळायला मात्र चेन्नईतल्या वेलचेरीत यावं लागलं. ज्यांच्यामुळे कळलं ते आमच्या तळमजल्यावरचे मामा. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, तंजावरच्या मराठी घरातले. आईवडिलांनंतर मी कुणाचं देणं लागत असेन तर त्यांचं.

यजमानांच्या नोकरीपायी आम्ही 2003 साली वेलचेरीत बिऱ्हाड केलं. तेव्हा इथवर रेल्वे आलेली नव्हती, पाऊस लागला की गल्लीत गुडघाभर पाणी, आणि मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. एका दुपारी जिन्यात लेकीला रागावत होते, तर खालचं दार उघडलं आणि एक वृद्ध गृहस्थ चक्क मराठीत म्हणाले, "लेकराला का ओरडतेस?" त्यांची मराठी तीनशेहून अधिक वर्षं तमिळ मुलखात राहिलेली; हेल वेगळा, काही शब्द माझ्या पणजीच्या तोंडचे. मामींनी त्या दिवशी दह्यातली डांगर पच्चडी वाढली आणि मामांनी गाव विचारलं.

हिंगणघाट म्हटल्याबरोबर ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे लॅम्ब्टनच्या गावची तू!"

मी तिथं लहानाची मोठी झाले, पण हे नाव आमच्या घरात कुणी घेतलेलं नव्हतं. मामांनी मला गच्चीवर नेलं आणि वायव्येला बोट केलं. विमानतळाच्या अलीकडे एक बुटकी टेकडी, माथ्यावर चर्च. इंग्रजीत सेंट थॉमस माउंट, इथल्या लोकांची परंगीमलई. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 10 एप्रिल 1802 रोजी त्या टेकडीजवळ आपली पहिली आधाररेषा मोजायला घेतली. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती सुरुवात. पुढे एकवीस वर्षं त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि नागपूरच्या वाटेवर असताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. त्याच्या कामाचा आरंभ मामांच्या गच्चीवरून दिसत होता, शेवट माझ्या गावात होता.

ती आधाररेषा परंगीमलईपासून दक्षिणेला पेरुम्बाक्कमच्या टेकडीपर्यंत गेली होती, सुमारे साडेसात मैल. वेलचेरीच्या पश्चिमेला जेमतेम दोन-तीन किलोमीटरवरून. आता तिच्यावर आदम्बाक्कम, मेडवाक्कम अशी दाट वस्ती आहे. मामा ती मोजणी अशी सांगत, जणू स्वतः तिथं हजर होते. शंभर फुटी पोलादी साखळी. ती जमिनीवर टाकायची नाही; तिपायांवर लाकडी पेट्या मांडायच्या, त्या पातळीत आणायच्या, त्यांच्यात साखळी ताणून ठेवायची आणि शेजारी थर्मामीटर. कारण एप्रिल-मे महिन्यांतल्या इथल्या उन्हात पोलाद वाढतं, आणि एका अंशाला केसभर वाढ धरली तरी चारशे वेळा साखळी मांडल्यावर तिचा हिशेब लागतोच. टोकाची खूण ओळंब्यानं जमिनीवर उतरवायची, पेट्या उचलायच्या, पुढे न्यायच्या, पुन्हा मांडायच्या. मे महिना सरत आला तरी काम चालूच होतं. "पुस्तकात लॅम्ब्टनचं नाव आहे," मामा म्हणत, "पेट्या उचलणाऱ्या खलाशांचं नाही. त्यांचा एकाचा हात हलला असता तर सगळा हिंदुस्थान चुकला असता." हयातभर खलाशांबरोबर उन्हात उभा राहिलेला माणूस हे बोलत होता.

आमची लेक तेव्हा आठ वर्षांची. तिनं विचारलं, "ताता, मग सूर्यापर्यंत साखळी कुणी धरली?"

मामा हसले नाहीत. "कुणीच नाही," ते म्हणाले. "एक बाजू मोजायची आणि दोन कोन. बाकीचं त्रिकोण सांगतो." आणि दुसऱ्या रविवारी त्यांनी आपलं प्लेन टेबल गच्चीवर आणवलं.

सागवानी फळी, तीन पाय, वर कागद आणि दोन्ही टोकांना उभे दर्शक असलेली पितळी पट्टी, एवढंच ते यंत्र. कठड्यालगत टेपनं वीसेक मीटर मोजले. कागदावर ते दोन सेंटिमीटर काढले. एका टोकाला फळी उभी करून पलीकडच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे पट्टी रोखली, पेन्सिलनं रेघ ओढली. मग फळी दुसऱ्या टोकाला नेली, पहिल्या टोकाशी दिशा जुळवली, पुन्हा टाकीकडे पट्टी, पुन्हा रेघ. कागदाच्या पार कडेला दोन रेघा मिळाल्या. मामांनी सेंटिमीटर मोजले: टाकी चारशे मीटरवर. मग लेकीच्या हातून त्यांनी एक रेघ मुद्दाम पेन्सिलीच्या जाडीएवढी सरकवायला लावली, तर टाकी एकदम दहा-वीस मीटर दूर गेली. "कोन लहान झाला की चूक मोठी होते. हे विसरायचं नाही."

त्यानंतर पट्टी परंगीमलईकडे रोखली. दोन्ही रेघा कागद ओलांडून गेल्या, जवळजवळ समांतर. भेटेचनात. "टेकडीचा दोष नाही," मामा म्हणाले. "आपला पाया लहान आहे."

मला वाटतं खगोलशास्त्र मला त्या वाक्यानं उघडलं. चंद्र मोजायचा तर पाया पृथ्वीएवढा हवा. दोन दूरच्या गावांतून एकाच क्षणी चंद्र पाहिला तर ताऱ्यांमधली त्याची जागा वेगळी दिसते. या फरकाला पराशय म्हणतात. पृथ्वीच्या त्रिज्येएवढा पाया धरला तर चंद्राचा पराशय सुमारे 57 कला, म्हणजे चंद्राच्या स्वतःच्या रुंदीच्या जवळजवळ दुप्पट. तो साध्या डोळ्यांनी पकडता येतो. आपले सिद्धान्तकारही ग्रहणाच्या गणितात लंबनाचा, म्हणजे याच फरकाचा, हिशेब करत आलेच. सूर्याचं तसं नाही. त्याच पायावर सूर्याचा पराशय फक्त 8.79 विकला. पंचवीस मिलिमीटरचं नाणं सुमारे 590 मीटरवर धरलं तर एवढंच दिसेल. आणि गंमत अशी, की तो पाया, म्हणजे पृथ्वीची त्रिज्या, किती हे लॅम्ब्टनसारख्यांनी पेट्या मांडून मोजलेल्या रेषांवरूनच नेमकं ठरलं. परंगीमलईची साखळी अशी सूर्यापर्यंत जाते.

पण एवढा बारीक कोन थेट मोजता येत नव्हता, मग आडवाट कोणती? मामांनी कॅलेंडरच्या पाठीवर लेकीकडून गणित करवून घेतलं. केप्लरनं 1619 साली सांगितलेला नियम: ग्रहाच्या वर्षाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या अंतराच्या घनाइतका. गुरूचं वर्ष आपल्या 11.86 वर्षांचं, वर्ग केला, घनमूळ काढलं, 5.2 आलं. गुरू आपल्यापेक्षा सव्वापाचपट दूर. शनी साडेनऊपट. नुसत्या घड्याळ-पंचांगावर सगळी सूर्यमाला कागदावर प्रमाणशीर मांडता येते. फक्त त्या नकाशाला प्रमाणपट्टी नसते. कुठलंही एक अंतर मैलांत मिळालं की सगळीच मिळाली. 1672 साली कॅसिनीनं पॅरिसमधून आणि रिशेनं दक्षिण अमेरिकेतल्या कायेनमधून मंगळ पाहिला तो याचसाठी. त्यांचं उत्तर बऱ्यापैकी जवळ गेलं होतं, पण खात्री देण्याइतकं नाही.

खात्री शुक्राकडून मिळेल असं हॅलीनं 1716 मध्ये मांडलं. शुक्र कधीतरी सूर्यबिंबावरून सरकत जातो. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या निरीक्षकांना त्याची वाट किंचित वेगळी दिसते, म्हणून बिंब ओलांडायला लागणारा वेळही वेगळा. कोन मोजायचा नाही, वेळ मोजायची. आणि घड्याळ तेव्हा कोनमापकापेक्षा भरवशाचं होतं. 6 जून 1761 रोजी विल्यम हर्स्ट या पाद्र्यानं मद्रासच्या गव्हर्नरच्या वाड्यावरून हे अधिक्रमण पाहिलं. त्याच वेळी फ्रान्सचा ल जेंतील पाँडिचेरीला पोचूच शकला नाही. गाव इंग्रजांनी घेतलं होतं, तो समुद्रात हेलकावणाऱ्या जहाजावर, आणि हलत्या जहाजावरचं निरीक्षण कामाचं नाही. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षं याच समुद्रांवर राहिला. 1769 साली पाँडिचेरीत दुर्बीण लावून बसला, आणि ऐन वेळी ढग आले. मामा ही गोष्ट सांगून गप्प होत. मग म्हणत, "पण गेला तो. जाणं महत्त्वाचं होतं." फील्डवर पावसानं बुडालेले किती दिवस त्यांच्या मनात असतील, मी कधी विचारलं नाही.

मद्रासची वेधशाळा नुंगम्बाक्कमला 1792 साली उभी राहिली. तिचा ग्रॅनाइटचा खांब आजही हवामान खात्याच्या आवारात आहे. त्यावर अनेक भाषांत लेख कोरलेला आहे. लॅम्ब्टननं आपले रेखांश याच वेधशाळेवरून धरले. पुढे तिथं चिंतामणी रघुनाथाचारी काम करत. 1874 च्या शुक्र-अधिक्रमणाआधी त्यांनी एक पुस्तिका लिहिली, इंग्रजीबरोबर देशी भाषांतही, कारण पंचांग पाहणाऱ्या सामान्य माणसाला हे कळायला हवं असा त्यांचा आग्रह होता. मामांना त्यांच्याविषयी कमालीचा आदर. एका सुट्टीत मी हिंगणघाटहून वडिलांचं शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' घेऊन आले. मूळ ग्रंथ 1896 चा. मुरुडच्या दीक्षितांनी मद्रासच्या या माणसाची दखल घेतलेली होती. मी ती पानं मामांना वाचून दाखवली. त्यांना देवनागरी अक्षरं जुळवायला वेळ लागे. मी त्यांना काही देऊ शकले असेन तर एवढंच.

8 जून 2004 ला पुन्हा शुक्राचं अधिक्रमण होतं, शंभराहून अधिक वर्षांनी. पावणेअकराच्या सुमारास आम्ही गच्चीवर होतो. मामांनी जुनी द्विनेत्री तिपाईला बांधून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली होती; आत डोळा लावायचा नाही अशी सक्त ताकीद. ढगांच्या फटीतून ऊन आलं की पुठ्ठ्यावर हाताच्या पंज्याएवढा सूर्य आणि त्याच्या कडेवर मोहरीएवढा, काळा, रेखीव शुक्र. बिल्डिंगमधली सगळी मुलं जमली. मामींनी सगळ्यांना ताक दिलं. लेकीनं दर पंधरा मिनिटांनी पुठ्ठ्यावर ठिपका काढला आणि दुपारपर्यंत ठिपक्यांची सरळ ओळ तयार झाली. ती ओळ दाखवत मामा मुलांना म्हणाले, "दुसऱ्या देशात कुणी असेच ठिपके काढत असेल. त्याची ओळ आणि ही ओळ यांच्यामध्ये सूर्याचं अंतर आहे."

आता या वाटेनं कुणी जात नाही. 1961 साली, हर्स्टच्या निरीक्षणानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, शुक्राकडे रडारचा संदेश पाठवून त्याचा प्रतिध्वनी पकडला गेला. शुक्र अगदी जवळ असताना प्रकाशाला जाऊन परत यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. वेळ मोजली की अंतर आलं. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं खगोलीय एकक व्याख्येनंच ठरवून टाकलं: 149,597,870,700 मीटर. 24 सप्टेंबर 2014 ला सकाळी मंगळयान मंगळाच्या कक्षेत गेलं तेव्हा आम्ही मामांच्या टीव्हीसमोर होतो. संदेश यायला सुमारे साडेबारा मिनिटं लागतील असं निवेदक सांगत होता. मामांनी तेवढ्यात बोटांवर हिशेब केला, साडेबारा गुणिले साठ गुणिले तीन लाख, आणि मामींना ऐकवलं: "साडेबावीस कोटी किलोमीटर. हे पण मोजलं आपण."

डिसेंबर 2015 च्या पुरात वेलचेरी बुडाली. तळमजल्यावर छातीपर्यंत पाणी. मामा-मामी आमच्याकडे वर आले. नकाशे, वह्या, पत्रं सगळं गेलं. यजमानांनी आणि वरच्या मजल्यावरच्या पोरांनी प्लेन टेबल तेवढं उचलून आणलं. त्यानंतर वर्षभरात मामा गेले. मामी मुलाकडे कोइम्बतूरला राहायला गेल्या. जाताना फळी आणि पितळी पट्टी माझ्याकडे ठेवून गेल्या.

बिल्डिंगमधल्या मुलांना मी आता रविवारी ते सगळं शिकवते. तमिळ मोडकं आहे, पण त्रिकोण चालतो. आमच्या गच्चीवरून परंगीमलईच्या रेघा अजूनही कागदाबाहेरच जातात. मामांनी लहान म्हटलेला पाया मोठा करायचा राहिला आहे, म्हणून रस्त्याच्या टोकाच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे त्यांच्या गच्चीची किल्ली मागितली आहे. तिथून टेकडीही दिसते आणि आमची गच्चीही. मधला रस्ता सरळ आहे, मुलं टेप धरायला तयार आहेत. पाया तीनशे मीटरचा होईल. कागदावर तीन सेंटिमीटर धरले तर टेकडी तीसेक सेंटिमीटरवर, फळीच्या आत यायला हवी.