आईच्या अंगठ्यात गोवराची लस

चामखीळ हा आजार मानायचा की नाही, यावर आमच्या आष्ट्यात एकमत नाही. आईच्या दोन्ही हातांवर मिळून अकरा होत्या. चार वर्षं. सगळ्यात मोठी उजव्या अंगठ्याच्या नखाशेजारी. म्हशीची धार काढताना तीच सोलायची, रक्त यायचं. उपाय सांगणारे भरपूर: घोड्याच्या शेपटीचा केस बांध, चुना लाव, बिब्बा लाव. बिब्ब्यानं कातडी भाजली, चामखीळ तशीच. पण खरं दुखणं वेगळं होतं. रतिबाच्या दोन घरांनी काही न बोलता दूध बंद केलं. तेव्हापासून आई चारचौघांत हात पदराखाली ठेवायला लागली.

सांगलीत स्किनच्या डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक, जाळायच्या. पण अकरा जखमा घेऊन शेणघाण कोण करणार? दुसरा, एमएमआरची लस थेट मोठ्या चामखिळीत. गोवर, गालगुंड, रुबेला. लहान पोरांना देतात तीच. आई म्हणाली, "डॉक्टर, मला आता या वयात गोवर येणाराय का?"

चामखीळ होते एचपीव्ही या विषाणूमुळे. तो कातडीच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही. त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना पत्ताच लागत नाही. (एकही अलर्ट न वाजवता सर्व्हरवर वर्षभर बसून राहिलेली प्रोसेस मी पाहिलीय, त्यामुळे मला हे लगेच पटलं.) लसीतले अशक्त केलेले विषाणू मात्र लगेच नजरेत भरतात. त्यांच्यावर धावून आलेल्या पांढऱ्या पेशींना तिथंच दडलेला एचपीव्हीही सापडतो आणि मग त्या त्याला इतरत्रही शोधतात, असं मानलं जातं. म्हणून सुई एकाच चामखिळीत, आणि जातात त्या लांबच्याही. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. लस जिवंत विषाणूंची, त्यामुळे गरोदर बायकांना किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना देत नाहीत. आणि ही लस मुळात यासाठी बनलेली नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं.

दर तीन आठवड्यांनी एक सुई. नखाशेजारी टोचणं म्हणजे काय, ते पहिल्या वेळी आईनं माझं मनगट आवळलं तेव्हा कळलं. दुसऱ्या वेळी म्हणाली, "तू बाहेर थांब." रात्री थोडा ताप यायचा. तिसऱ्या सुईनंतर डाव्या हातावरच्या, जिथं सुई गेलीच नव्हती, त्या सपाट व्हायला लागल्या. अंगठ्यावरची शेवटी गेली, पाचव्यानंतर.

चामखिळी पुष्कळदा आपोआपही जातात, पोरांच्या तर बऱ्याचदा दोनेक वर्षांत. आईच्या चार वर्षं हलल्या नव्हत्या, म्हणून मी श्रेय लसीला देतो. पण एकट्या आईवरून काही सिद्ध होत नाही, हेही मला कळतं. तिला या वादात रस नाही. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट एमएमआर बनवते असं मी एकदा बोललो, तेव्हापासून ती तिला 'पुण्याची सुई' म्हणते.

ती दोन्ही घरं दूध मागायला परत आली. एकीला आईनं रतीब लावून दिला. दुसरीला म्हैस आटलीय म्हणून सांगितलं. म्हैस आटली नव्हती.