माधवगंजातली सतरा इंची चाकं

ग्वाल्हेरबाहेरच्या माणसाला माधवगंज सांगायचं तर आधी कंपू सांगावा लागतो. कंपू म्हणजे शिंद्यांची कवायती पलटण. आपण आज मित्रांच्या टोळक्याला म्हणतो तोच शब्द. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला, तो पुन्हा उठलाच नाही, आणि त्या तळाचंच लष्कर नावाचं शहर झालं. माधवगंज हा या लष्करातला जुना मोहल्ला. आमच्यासारखी मराठी घरं इथे पिढ्यान् पिढ्या रुजली. इतकी, की आमच्या बोलण्यात ‘जाऊन राहिलो’, ‘करून राहिलो’ आलं आणि पुण्याच्या सासरी त्यावरून माझी पहिली दोन वर्षं यथेच्छ थट्टा झाली.

मोहल्ल्यातल्या गल्ल्या घोडा आणि पालखी जाईल एवढ्याच. दोन्ही बाजूंना दगडी पटियांची घरं, पायऱ्या थेट रस्त्यावर उतरलेल्या, त्या पायऱ्यांवर कुणीतरी शेंगदाणे खात बसलेलं. त्यातून ई-रिक्षा, स्कूटी, गाय आणि मोटार एकाच वेळी जातात. कशा जातात ते मी गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम करणारी बाई असूनही मला सांगता येणार नाही.

तर या गल्लीत माझ्या भाच्याला ड्रिफ्ट कार हवी आहे.

या हिवाळ्यात माहेरी गेले तेव्हा गजकाचा डबा उघडायच्या आत त्यानं मोबाइल पुढे केला. “आत्या, ये देख.” पहिल्या नोकरीतून साठवलेले पासष्ट हजार आणि त्यांची यादी: सतरा इंची अलॉय, गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट. गाडी दादाची, स्विफ्ट, २०२० च्या मेळ्यातून घेतलेली. ग्वाल्हेरकरांना हे वेगळं सांगायला नको. माधो महाराजांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या व्यापार मेळ्यात सरकार ज्या वर्षी वाहनकरात निम्मी सवलत देतं, त्या वर्षी अर्धा मध्य प्रदेश इथे गाडी घ्यायला येतो. आमच्याकडे मुलाचं लग्न आणि गाडीची खरेदी या दोन गोष्टी मेळ्याची तारीख बघून ठरतात.

गाड्यांचं वेडही या शहराला नवं नाही. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची परीक्षा झाली होती. सहाशेवर मैलांचा प्रवास आणि वाटेत घाट. त्यात एका रोल्स रॉइसनं नाव काढलं आणि ती गाडी विकत घेतली माधो महाराजांनी. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. मी हे भाच्याला सांगितलं तर म्हणाला, “बघ, म्हणजे आपल्यात हे खानदानी आहे.” मी म्हटलं, त्या गाडीला पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते, त्या काळात बहुतेक गाड्यांना नसत. घाट उतरताना चालवणाऱ्यानं काय विचार केला असेल तो कर, आणि मग एक्झॉस्टचं बोल.

आता ड्रिफ्टचं बघू, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर तेच व्हिडिओ फिरत असणार. गाडी वळणावर आडवी होऊन, तोंड एकीकडे आणि स्टिअरिंग दुसरीकडे, धूर काढत जाते. यात मागची चाकं घसरतात, पण ती इंजिनाच्या ताकदीनं फिरतही असतात. चालक ॲक्सिलरेटरनं शेपटी किती बाहेर जावी ते ठरवतो आणि पुढची चाकं उलट वळवून तोंड सांभाळतो. म्हणजे घसरण त्याच्या पायाच्या मुठीत असते, अशी मुठीची चुकीची उपमा मी वर्कशॉपमध्ये रोज देते. त्यासाठी इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळायला हवी. जपानमध्ये या खेळाचं दैवत झालेली टोयोटा एई ८६ तशीच आहे. आपल्याकडची जुनी ॲम्बॅसॅडर, पद्मिनी, ओम्नीसुद्धा मागच्या चाकांवर चालणाऱ्या. ओम्नीचं नाव काढताच भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

स्विफ्टची ताकद पुढच्या चाकांना. मागची दोन चाकं बिचारी नुसती ओढली जातात. रात्री मोकळ्या पडणाऱ्या एका रुंद रस्त्यावर त्याचे मित्र हँडब्रेक ओढून गाडी फिरवतात, त्याला ती मुलं ड्रिफ्ट म्हणतात. हँडब्रेकनं मागची चाकं अडतात, शेपटी सुटते आणि तिथून पुढे गाडी किती फिरेल हे रस्त्यावरची वाळू ठरवते. ॲक्सिलरेटर दाबून ती शेपटी आवरता येत नाही. फुटपाथ, दुभाजक, झोपलेला माणूस, यांतलं काय आधी येईल तेही चालकाच्या हातात नसतं. हे मी त्याला आवाज न चढवता सांगितलं. त्याला पटलं असं तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, म्हणून मी सवयीनं टायरपाशी उकिडवी बसले. टायरच्या बाजूवर बऱ्याच अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. त्यातले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथे होते ४८१९, म्हणजे २०१९ चा अठ्ठेचाळिसावा आठवडा. सहा वर्षं. नक्षी छान शिल्लक होती, कारण गाडी फिरते कुठे, तर कंपू, बाडा, फार तर मुरार. कायद्याला लागते १.६ मिलिमीटर, ही तिच्या दुपटीहून जास्त. पण नक्षीच्या खाचांत आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गाडी दिवसभर उन्हात उभी असते आणि रबर झिजायच्या आधी वाळतं. वाळलेलं रबर रस्ता धरत नाही, पावसात तर नाहीच. गाडी केवढीही असो, ती रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. वळणं, ब्रेक, वेग, सगळं तिथून होतं. याच गाडीतून दादा आईला घेऊन झाशीला जाऊन आला होता, शंभराच्या वेगानं.

भाचा गप्प झाला. त्याच्या यादीत टायर होते, पण अलॉयबरोबर फुकट येणारे, कुठले कोण जाणे.

मग आम्ही पायरीवर बसून हिशेब केला. सध्याचा टायर १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या पासष्ट टक्के, १२० मिलिमीटर, आणि आतली रिम पंधरा इंची. पूर्ण चाकाचा व्यास ६२१ मिलिमीटर भरतो. त्याला हवा होता २०५/४५ आर १७. त्याचा व्यास ६१६, म्हणजे स्पीडोमीटरच्या दृष्टीनं ठीक. पण भिंत उरते ९२ मिलिमीटर. तुमचा आणि खड्ड्याचा संबंध येतो तो या भिंतीतून. रबर आणि त्यातली हवा दबते म्हणून रिम वाचते आणि मागच्या सीटवरच्या माणसाची कंबरही. माधवगंजात पाइपलाइनसाठी खणलेला रस्ता बुजवतात तो कसा बुजवतात हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय मोठी रिम बहुधा जड असते, आणि चाकाचं वजन स्प्रिंगेच्या खाली असल्यामुळे ते खड्ड्यातून वर आलं की लवकर खाली बसत नाही. तेवढा वेळ टायर रस्ता सोडतो. दिसायला चाक भारी, पकड मात्र कमी.

रिमचं आणखी एक. बोल्टची चार भोकं जुळली की दुकानदार म्हणतो, बैठ जाएगा. स्विफ्टला चार भोकं शंभर मिलिमीटरच्या वर्तुळावर, ती खूप रिमांना जुळतात. पण मधलं भोक ५४.१ मिलिमीटर असतं. बाजारातल्या रिमचं ते मोठं असेल आणि मधे अचूक मापाची रिंग घातली नाही, तर चाक हबवर नेमकं मधोमध बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. हा प्रश्न विचारला की दुकानदाराचं माप आपल्याला कळतं.

आखूड स्प्रिंगांवर आमचं भांडण झालं, खरं भांडण. गाडी खाली बसली की वळणावर कमी कलते हे खरं. पण शॉकॲबसॉर्बर मूळ स्प्रिंगेसाठी जुळवलेला असतो. नुसती स्प्रिंग बदलली की तो मधल्या मधे संपतो, गाडी उड्या मारते. त्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सांडपाण्याच्या नालीवर टाकलेली पटिया आहे, तिच्यावर पोट घासणार. “आणि आजी?” मी विचारलं. आईच्या मणक्याचं दुखणं घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यावर त्यानं उत्तर दिलं नाही, पण यादीतून स्प्रिंगा खोडल्याही नाहीत.

त्याच्या भिंतीवर ‘इनिशियल डी’चं पोस्टर आहे. त्या मालिकेतला पोरगा टोफू पोचवायला रोज डोंगरातल्या रस्त्यानं गाडी नेतो, आणि बापानं गाडीत पाण्याचा पेला ठेवलेला असतो, तो सांडता कामा नये. भाच्याला धूर आठवत होता, पेला विसरला होता. सोमवारी आईला अचलेश्वराला जायचं होतं. रस्त्याच्या मधोमध बसलेला तो महादेव, हत्ती लावूनही हलला नाही अशी त्याची गोष्ट. मी आईच्या हातात काठोकाठ भरलेलं फुलपात्र दिलं आणि भाच्याला म्हटलं, चालव.

कंपूपर्यंत निम्मं पाणी तिच्या पदरावर. उशिरा ब्रेक, मग एकदम सोडलेला ब्रेक, मग वळणाच्या मधेच ॲक्सिलरेटर. आई म्हणाली, “अरे, मला अभिषेक नको, महादेवाला हवाय.” परतताना त्यानं वळणाआधी वेग उतरवला, ब्रेक हळूहळू सोडत स्टिअरिंग फिरवलं, आणि वळण संपता संपता गाडी पुढे सोडली. थोडंच सांडलं. गाडीचं वजन ब्रेक लावला की पुढे जातं, वेग घेतला की मागे, आणि ज्या चाकावर वजन त्याची पकड जास्त. ड्रिफ्ट करणारा हेच वजन मुद्दाम झटक्यानं हलवतो. पण आधी ते शांतपणे हलवता यावं लागतं. हे आत्या म्हणाली तर उपदेश होतो. फुलपात्र म्हणालं तर त्यानं तीन दिवस रोज सराव केला.

मग खरेदी. ग्वाल्हेरच्या दुकानांत बराच माल दिल्लीच्या कश्मीरी गेटवरून येतो, जसा पुण्यात नाना पेठेत सगळं मिळतं. तिथे अस्सलही मिळतं आणि अस्सलच्या डब्यातलं नक्कलही. ब्रेक पॅड आणि बेअरिंग या दोन गोष्टींत घासाघीस करू नका, पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या. सीटकव्हरमध्ये हवी तेवढी करा. टायरवर आयएसआयची खूण आणि चार आकडे दुकानातच बघा. आम्हाला पहिल्या दुकानात दोन वर्षं जुना माल दाखवला, आम्ही उठलो. गंमत म्हणजे शहरापासून जवळच, मुरैना रस्त्यावर बानमोरला जे. के. टायरचा मोठा कारखाना आहे. टायरच्या गावात शिळा टायर कशाला घ्यायचा? शेवटी मूळ मापाचेच चार ताजे टायर घेतले. ब्रेक ऑइल बदललं, कारण ते हवेतली ओल पितं आणि दोनेक वर्षांत त्याचा उकळबिंदू उतरतो. सहा वर्षांत ते कुणी बदललंच नव्हतं. पुढच्या आर्मचे रबरी बुश फाटले होते, तेही नवे घातले. त्यानंतर अलाइनमेंट. क्रम हाच ठेवा. ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात जातं.

आग्र्याच्या रस्त्याला लागून गाडी बानमोरपर्यंत नेली. भाचा चालवत होता. दहा मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, “आत्या, ही आपलीच गाडी आहे ना?”

एक्झॉस्टचं प्रकरण कायद्यानं निकालात काढलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही याच बदलांवर बोट ठेवते. दादानं पाच हजार ऐकल्यावर पुढचं ऐकलंच नाही.

ड्रिफ्टची हौस मात्र मी मोडली नाही. ती हौस मलाही आहे. याच आग्रा-मुंबई रस्त्यानं शिवपुरी, गुना, देवास करत इंदूर ओलांडलं की पीथमपूर येतं. तिथल्या नॅट्रॅक्स चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला. गाड्या मुद्दाम घसरवून बघायच्या जागाही तिथे आहेत. ओल्या केलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर, हेल्मेट घालून, आसपास काही नसताना गाडीची शेपटी सुटते तेव्हा काय वाटतं ते मी कामामुळे अनुभवलं आहे. ते केंद्र कंपन्यांसाठी. पण मोटारस्पोर्टची राष्ट्रीय संघटना एफएमएससीआय मान्यता देते अशा ऑटोक्रॉस स्पर्धा मैदानावर होतात, शंकू मांडून, घड्याळ लावून, रुग्णवाहिका उभी करून. नवशिक्यांना तिथे साध्या गाडीनं उतरता येतं. पुढची जवळपास कुठे होते ते भाचा शोधून राहिला आहे.

पासष्टातले बत्तीस हजार खर्च झाले. आखूड स्प्रिंगा यादीत अजून आहेत, फक्त सगळ्यात खाली. रात्रीच्या रस्त्यावर तो गेला का, हे मी फोनवर विचारत नाही. आई विचारते, आणि तिला तो खोटं सांगत नाही. सध्या घरात वाद सीटकव्हरच्या रंगाचा आहे. त्याला काळा-लाल हवा, आईला मळखाऊ.